हात लागलेला उंट

शेवटच्या फेरीत माझ्यासमोर मास्तरीणबाई आल्या आणि बायकोने घरीच निकाल लावून टाकला. "दुकानात लोकांची नजर तपासता, पटावर तुम्हाला समोरचा वजीर दिसत नाही. लवकर हरून या."

तिचं काही चुकलं नव्हतं. मी चष्मेवाला, स्पर्धेत तळाला. बाई शाळेत गणित शिकवायच्या आणि बुद्धिबळ असं खेळायच्या की बघणाऱ्याने तोंडात बोट घालावं. जिंकल्या तर थेट देशाच्या संघात. दरवर्षी ती जागा थोडक्यात हुकत होती आणि यंदा वाटेत फक्त मी होतो.

त्यांनी मला सावकाश सोलून काढलं. घोडा गेला, प्यादी गेली. उरला कोपऱ्यातला राजा आणि एक हत्ती. राग यायला हवा होता, पण मी खुळ्यासारखा त्यांच्या चालींकडे बघत बसलो. इतकं सुंदर मला आजवर कुणी हरवलं नव्हतं. त्यांची चाल चालू असताना मी उठून पाणी पिऊन आलो.

"तुम्ही पाणी प्यायला गेलात तेव्हा मी उंटाला हात लावला," बाई म्हणाल्या. "मग वजिराने मात दिसली. पण हात लागला तो लागला, आता चाल उंटाचीच."

पंच पलीकडच्या टेबलावरचं भांडण मिटवत होते. कुणीही पाहिलं नव्हतं.

"बाई, वजीर खेळा. मी काही बघितलं नाही."

"मी बघितलं ना."

उंट कुठेही नेला तरी मात निसटत होती. त्यांनी तो शांतपणे हलवला. आणि मला दिसलं: हत्तीने शह दिला तर त्यांना तो मारावाच लागेल. मग कोंडलेल्या राजाशिवाय माझ्याकडे हलवायला काहीच उरणार नाही, म्हणजे नियमाने बरोबरी. राजा आडवा करायला मी हात पुढे केला.

"अहो, चूक माझी. डाव तुम्ही कशाला सोडता?" आवाज थेट वर्गातला. "दिसली ना चाल? मग खेळा. दया नको मला."

मी हत्ती दिला. बाईंनी तो मारला, घड्याळ थांबवलं आणि हात मिळवला.

"छान शोधलीत हो," म्हणाल्या. डोळे भरले होते, तरी कौतुक खरं होतं.

लोक माझी पाठ थोपटत होते. मला खुर्चीतून उठवेना. केवढ्या मोठ्या माणसासमोर आपण बसलो होतो, हेच मनात घोळत होतं. बाईंची जागा अर्ध्या गुणाने गेली. तो अर्धा गुण माझ्या नावावर आहे, आणि तो मी घ्यावा म्हणून त्या माझ्यावर रागावल्या होत्या.