तीन बाटल्यांचा वास

कैनातने बाटलीचं झाकण फिरवलं आणि ती अम्मीच्या नाकाशी धरली.

"हे तूप. कसला वास येतो, सांग."

अम्मीने डोळे मिटून श्वास ओढला. पावणे इथल्या लॅबमधून सुटून नावड्याला अम्मीच्या घरी पोचेपर्यंत कैनातच्या अंगात त्राण उरलं नव्हतं, आणि आल्या आल्या आपल्याच आईची परीक्षा घ्यायची, हे तिच्या जिवावर आलं होतं. पण मोठ्या भावाला, शहजादभाईला, तिने तसा शब्द दिला होता. गेल्या महिन्यात अम्मी स्वयंपाकघरात वाल सोलत बसली होती, शेगडीचं बटण उघडं, आणि गॅसचा वास आला तो समोरच्या मीनाताईंना, जिन्यात. त्यांनीच धावत येऊन बटण बंद केलं. मला आला होता वास, उठतच होते, असं अम्मी म्हणाली. भाईला ते पटलं नाही. नाक गेलं असेल तर एकटीने राहायचं नाही, फ्लॅटला कुलूप लावून पुण्याला यायचं, हे त्याने ठरवूनच टाकलं. पुण्याचं नाव निघालं की अम्मीचं तोंड एवढंसं व्हायचं. तिथे सुनेच्या ओट्याला हात लावायचीसुद्धा तिला चोरी.

"ओकारीसारखा," अम्मी म्हणाली. "आंबूस."

बरोबर. लॅबमध्ये सध्या हेच तर चाललं होतं. बाजरीचं पीठ लवकर खवट, कडू होतं, कारण दाण्यातच एक एन्झाइम असतं आणि ते स्निग्धाची फोड करतं. म्हणून बाजरीचा अर्क वेगवेगळ्या तेला-तुपात घालून ठेवायचा आणि दिवसभर त्यात नाक खुपसून बसायचं. तूप फुटलं की ओकारीचा वास, खोबरेल फुटलं की साबणाचा. शेंगदाणा तेलही फुटतं, पण नाकाला पत्ता लागू देत नाही. कशाला कसला वास येतो, हेच रडगाणं कैनात रोज संध्याकाळी फोनवर अम्मीपुढे गायची. घास उतरत नाही, म्हणायची.

"हे खोबरेल."

"साबण. कपड्याचा."

"आणि हे शेंगदाण्याचं?"

अम्मीने बराच वेळ घेतला. "ह्याला काय वास नाय गं."

कैनातला हुश्श झालं. रडू यायचं तेवढं बाकी होतं. झाकणं लावता लावता तिने सहज तुपाची बाटली स्वतःच्या नाकाशी नेली. काहीच नाही. खोबरेलाचंही तेच. मग तिने झाकणं नीट पाहिली. ती पांढरी होती. ताज्या अर्काच्या बाटल्यांना लाल झाकणं असतात. पांढऱ्यांत असतो उकळलेला अर्क, तुलनेसाठी. उकळलं की एन्झाइम मरतं, मग कुठलंच तेल-तूप फुटत नाही. त्यात लॅबचं हे तेल-तूप आधीच वास काढून शुद्ध केलेलं. लॅबमधून निघताना दमलेल्या डोळ्यांनी तिने भलताच ट्रे उचलला होता.

अम्मी तिच्याकडेच बघत होती. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत तिने विचारलं, "पास?"

कैनातने भाईला फोन लावला.

"दिल्या तिन्ही बाटल्या. हो. तिन्हींची उत्तरं बरोबर दिली. आणि ऐक, मी कोपरखैरण्याची रूम सोडतेय. आजपासून इथेच राहणार. नाही रे, तसं काही नाही. बाहेरच्या जेवणाचा कंटाळा आलाय."

भाईने फार विचारलं नाही. त्याच्याही डोक्यावरचं टेन्शन उतरलं असावं. फोन ठेवून कैनात स्वयंपाकघरात गेली, खाली वाकून सिलिंडरचा रेग्युलेटर बंद केला आणि आतूनच म्हणाली की उद्या विजेची शेगडी आणू, तिच्यावर चहा पटकन होतो.

अम्मी दारात येऊन उभी राहिली. बंद केलेल्या सिलिंडरकडे तिने बराच वेळ पाहिलं.

"त्या बाटल्यांना वासच नव्हता ना गं?"