डॉक्टरांचं दार

आमचे हे एकदा बाथरूममध्ये अडकले आणि माझ्या नणंदेचं आयुष्य बदललं. कुलूपवाला आला, दाराला कान लावून त्याने काहीतरी खुडबुड केली आणि खट्कन दार उघडलं. हे टॉवेल सावरत बाहेर आले. मला हसू आवरेना, पण नणंद टक लावून कुलूपवाल्याच्या हातांकडे बघत होती.

वय बेचाळीस, लग्न नाही, उमेदीची सगळी वर्षं भावाच्या घरात चहा गाळण्यात गेलेली. दुसऱ्याच दिवशी बाई त्या कुलूपवाल्याकडे शिकायला हजर! पुढे जिन्याखालची टपरी घेऊन तिने 'किल्ली करून मिळेल' अशी पाटीच लावली. ह्यांनी तोंड फुगवलं. दुःख चहाचं होतं, पण बोलताना घराण्याची अब्रू मध्ये आणली.

टपरी हळूहळू चालायला लागली. हक्काचं गिऱ्हाईक मात्र एकच, मागच्या गल्लीतले दातांचे डॉक्टर. एकटेच राहायचे. दिसायला बेताचे, दात मात्र सुरेख. त्यांच्या दाराला ओढताच आपोआप लागणारं लॅच होतं. पेपर घ्यायला बाहेर यायचे, मागे दार धाडकन लागायचं आणि किल्ली आत. मग स्वारी अनवाणी टपरीवर. मी नणंदेला चिडवायची, ती लटकंच रागवायची. सगळं छान चाललं होतं.

पण आमच्या ह्यांना गप्प बसवेल तर ना! जेवताना म्हणाले, "अगं, तो डॉक्टर मुद्दाम बाहेर राहतो. दया येत असेल त्याला तुझी. कुलपं उघडायला कोण येणार आहे तुझ्याकडे? पुरे झालं हे खूळ, टपरी सोड."

ती ताट तसंच ठेवून उठली. मी ह्यांच्याकडे असं बघितलं की त्यांनी भात परत मागितला नाही.

स्वयंपाकघरात ती मला म्हणाली, "वहिनी, दादा म्हणतो ते खरं असेल तर मी टपरी बंद करीन. कुणाच्या दयेवर हत्यारं चालवायची नाहीत मला."

मला डॉक्टर आवडले होते, पण टपरी त्याहून जास्त आवडली होती. तिथे बसली की ही बाई दहा वर्षांनी लहान दिसायची.

खरं-खोटं करायला तिने डॉक्टरांना गळ घातली आणि त्यांचं लॅच काढून नवं कुलूप बसवलं. मला म्हणाली, "हे किल्ली फिरवल्याशिवाय बाहेरून लागतच नाही. किल्ली आत राहिली तर दारही उघडंच राहणार. आता बोलावलं तर समज, सगळं सोंग होतं."

डॉक्टरांनी बोलावलं नाही. आठवडे गेले. म्हणजे बिचारे खरंच विसरायचे! नणंद जिंकली होती, पण चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा. गिऱ्हाइकांवर खेकसायची, किल्ल्या नको इतक्या घासायची. "सुटलीस ना?" मी विचारलं. "सुटले," ती म्हणाली आणि उगाचच कानस आपटली.

मग एका संध्याकाळी मी टपरीवर गप्पा मारत बसले असताना डॉक्टर आले. "किल्ली आत राहिली," खाली बघत म्हणाले.

नणंदेचा चेहरा उतरला. तिने पिशवी उचलली, मला डोळ्यांनी 'चल' म्हटलं. दारापाशी जाऊन तिने कडी ओढून बघितली. दार पक्कं बंद.

"कुणी लावलं?"

"मीच."

"कशानं?"

डॉक्टरांनी आ वासला. दुसऱ्यांची तोंडं उघडायला लावणारा माणूस, पण स्वतःच्या तोंडातून शब्द फुटेना. मुकाट्याने त्यांनी खिशातून किल्ली काढली.

"माझं काम म्हणजे गंमत वाटली तुम्हाला?" ती म्हणाली. "इतके दिवस कीव करत होतात माझी?"

"आईशप्पथ नाही! आधी खरंच विसरायचो हो. मग तुम्ही हे कुलूप बसवलंत आणि तुम्हाला बोलवायची सोयच राहिली नाही. रोज किल्ली आत ठेवून बाहेर आलो. दार ओढलं, आपटलं, पाय दिला. लागतच नाही मेलं! शेवटी आज स्वतःच किल्ली फिरवली आणि आलो. इतकं चोख काम करायची काय गरज होती?"

नणंदेच्या कानाच्या पाळ्या लालबुंद. मला तर डॉक्टरांची पाठ थोपटावीशी वाटली.

तिने त्यांच्या हातातली किल्ली घेतली आणि पुन्हा त्यांच्याच खिशात टाकली. "उघडायला बोलावलंय ना? मग बाजूला व्हा."

ती गुडघ्यावर बसली. एरवी चुटकीसरशी होणारं काम आज निवांत चाललं होतं. डॉक्टर शेजारी उकिडवे बसून मोबाइलचा उजेड धरत होते. दोघांची डोकी दोनदा आपटली, तरी मागे कुणीच सरकेना. शेवटी खट् झालं आणि दार सताड उघडलं.

दोघंही उठली नाहीत.

"वहिनी," ती मागे न बघता म्हणाली, "तू हो पुढे. आणि दादाला सांग, कुलूप काही केल्या उघडत नाहीये."