फितीआडचा प्राणवायू

बर्फाच्या कारखान्याचे मालक सदूभाऊ सुर्वे हे रत्नागिरीतल्या एका धर्मादाय इस्पितळाचे अध्यक्ष. नाकापेक्षा मोती जड, तसं हे अध्यक्षपद. मुंबईच्या एका दात्याने इस्पितळाला प्राणवायूचं चेंबर दिलं. रोग्याला आत निजवून दाबाखाली प्राणवायू द्यायचा, असं ते यंत्र. पण मंत्र्यांनी उद्घाटन केल्याशिवाय त्याला कुणी हात लावायचा नाही, असा सदूभाऊंचा हुकूम. खोलीच्या दाराला लाल फीत, मागे कुलूप, किल्ली सदूभाऊंच्या खिशात. मंत्र्यांना पाच महिने सवड नव्हती.

मध्यंतरी नाटे गावचा धाकू खलाशी आला. एका डोळ्याने दिसायचं अचानक बंद झालेलं. "उद्घाटन झालं की या," सदूभाऊ म्हणाले. धाकूचा डोळा काही मंत्र्यांसाठी थांबला नाही.

मग एका सकाळी पेपरात स्वतःचा फोटो शोधताना सदूभाऊंच्याच उजव्या डोळ्यापुढे काळोख झाला. दुखणं नाही, खुपणं नाही. पत्नी मथुराबाईंनी त्यांना तडक इस्पितळात नेलं.

"डोळ्याच्या पडद्याची रक्तवाहिनी तुंबलीय," डॉक्टर शुभंकर म्हणाले. "हातात थोडेच तास आहेत. चेंबरमध्ये ठेवू. गुण येईलच असं नाही."

"पण फीत..." सदूभाऊ पुटपुटले.

"मंत्र्यांना विचारून घेऊ का?" मथुराबाईंनी विचारलं आणि उत्तराची वाट न बघता नर्सच्या टेबलावरच्या कात्रीने फीत कापली, सदूभाऊंच्या खिशातल्या किल्लीने कुलूपही उघडलं.

दोन तास आत पडून सदूभाऊंना धाकू आठवत राहिला. चेहरा मात्र आठवेना. त्याच्याकडे त्यांनी धड पाहिलंच नव्हतं. बाहेर आल्यावर डॉक्टरांची बोटं अंधुक दिसली. पुढच्या आठवडाभरात बरंचसं दिसू लागलं, आणि जसजसं दिसू लागलं तसतसा धाकू मनातून पुसट होत गेला.

एवढ्यात मंत्र्यांचा शनिवार ठरला. "नवी फीत बांधा," सदूभाऊंनी सांगितलं. "तोवर चेंबर बंद. कोरं दिसायला हवं."

सदूभाऊ आंघोळीला गेल्यावर मथुराबाईंनी सदऱ्यातली किल्ली काढली आणि डॉक्टरांना नेऊन दिली.

शनिवारी मंत्री आले तेव्हा आत गुहागरच्या एक शिक्षिका होत्या. साहेबांना पाऊण तास बाहेरच्या बाकावर बसावं लागलं. शेजारी सदूभाऊ हार धरून उभे होते.