सत्तावीस नंबरचं दार

दसऱ्याला गाडी धुतल्याशिवाय चंद्रहास गायधनीच्या घशाखाली घास उतरत नसे. नाशकात त्याची स्वतःची स्कूटर होती. कुवेतमध्ये स्वतःचं असं काहीच नव्हतं, पण इद्रीससाहेबांच्या ज्या खासगी संग्रहालयात तो मेकॅनिक होता, तिथे शर्यतीतून निवृत्त झालेल्या अमेरिकन स्टॉक कार ओळीने उभ्या होत्या. गाड्या कसल्या, सोंगंच ती. दारं उघडत नाहीत, ड्रायव्हरने खिडकीतून आत शिरायचं, आणि पुढचे दिवे म्हणजे नुसती चिकटवलेली चित्रं. तरी गाडी ती गाडीच.

यंदा नेमका दसऱ्यालाच कुणी बडा पाहुणा येणार होता. म्हणून चंद्रहास सगळ्यांच्या आधी कामावर आला. सत्तावीस नंबरच्या दारावर टायरचे काळे गोल वळ होते, ते त्याला पहिल्यापासून खुपत होते. त्याने रबिंग कंपाउंड लावून दार लख्ख केलं, दिव्यांच्या चित्रांना कुंकू लावलं, बॉनेटवर झेंडूची माळ घातली आणि समाधानाने हात जोडले.

तेवढ्यात इद्रीससाहेब आले. दार पाहून मटकन स्टुलावर बसले.

"निशान किधर गया?"

"साफ किया, सर. आज दसरा है."

साहेबांनी मोडक्या हिंदीत जे सांगितलं ते असं. शेवटच्या फेरीत एका ड्रायव्हरने या गाडीला धडक देऊन शर्यत जिंकली होती. आपण धडक दिली हे तो तीस वर्षं नाकारत आला होता. ते वळ हाच पुरावा, त्यासाठीच गाडी विकत घेतलेली. आजचा पाहुणा म्हणजे तोच ड्रायव्हर, आणि त्या वळांशेजारी त्याचा फोटो काढायचा, एवढाच आजचा कार्यक्रम.

चंद्रहास मनातल्या मनात हिशेब मांडू लागला. नोकरी गेली की अकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, गेला, आणि अकामा गेला की मुलीची, ज्ञानदाची, दहावी अर्ध्यात टाकून महबूलातलं बिऱ्हाड गुंडाळायचं. स्वच्छतेपायी हाकलला जाणारा गायधनींच्या घराण्यातला तो पहिलाच ठरणार होता.

पाहुणा काठी टेकत आला, मागोमाग फोटोवाले. चष्मा लावून त्याने दार बराच वेळ पाहिलं.

"हे कुणी केलं?" त्याने इंग्रजीत विचारलं.

साहेबांनी ताबडतोब चंद्रहासकडे बोट दाखवलं.

"मी, सर," चंद्रहास म्हणाला. "आज सण आहे आमचा."

म्हाताऱ्याने दारावरून तळहात फिरवला. रंग गुळगुळीत झाला होता, पण पत्र्याला आलेला पोचा कंपाउंडने थोडाच जातो? हात नेमका पोच्यावर येऊन थांबला. मग म्हातारा कॅमेऱ्यांकडे वळला.

"बघा! तीस वर्षं सांगतोय, मी हिला शिवलोसुद्धा नाही."

त्याने चंद्रहासच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढून घेतला. आता अशा माणसाला हाकलायचं तरी कसं? साहेबांनी फक्त कंपाउंडचा डबा उचलला आणि स्वतःच्या गाडीत नेऊन ठेवला.

निघताना म्हातारा चंद्रहासजवळ थांबला.

"तो पोचा निघतो का रे?"

"निघतो, सर. आतून ठोकावा लागेल."

म्हाताऱ्याने एकदा दाराकडे पाहिलं.

"नको," तो हळूच म्हणाला. "राहू दे. माझाच आहे तो."