राखून ठेवलेले पेपर

सुभेदार लालासाहेबांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, हे उंब्रजमध्ये शेंबडं पोरही सांगेल. फौजेतून निवृत्त होऊन आले, तरी माणूस दिल्या शब्दापासून कधी मागं सरला नाही. त्यांची लेक संयोगिता तर या शब्दावर देवापेक्षा जास्त भरवसा ठेवून होती. तिथंच तिचं चुकलं.

बी.एस्सी. झाली की लग्न, हे घरात ठरलेलं. कोयनानगरचं स्थळही लालासाहेबांनी, म्हणजे तिच्या आबांनी, हेरून ठेवलं होतं. पण पोरीला एम.एस्सी. करायचं होतं, आणि ते दोन वर्षांचं. आबांनी बराच विचार केल्यासारखं करून सांगितलं, "एक वर्स देतो. त्याच्या म्होरं एक दिस न्हाई."

संयोगितानं तेवढंच धरलं. तिच्या सांगलीच्या कॉलेजात एक सोय होती. बी.एस्सी. करता करता एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाचे पेपर जादा म्हणून द्यायचे, पदवीत न मोजता बाजूला राखायचे, म्हणजे पुढं एम.एस्सी. एका वर्षात उरकतं. वर्गातल्या पोरी कृष्णेच्या घाटावर भेळ खायला जायच्या, तेव्हा ही लॅबमध्ये. दिवाळीला घरी आली तीही पुस्तकं घेऊन. सगळे पेपर निघाले. तेव्हा तिनंच आबांना कौतुकानं समजावलं होतं, की हे बेण्याच्या उसासारखं आहे. पुढच्या लागणीसाठी राखायचा, कारखान्याला घालायचा नाही. एकदा बी.एस्सी.त मोजले की गेले, परत एम.एस्सी.ला धरत नाहीत. आबांनी पुन्हा पुन्हा विचारून नीट समजून घेतलं. बापाला आपल्या अभ्यासात एवढा रस, म्हणून पोरगी हरखली. येडी कुठली!

निकालानंतर ती प्रवेशाला सांगलीला गेली. विभागाच्या चंदनबाला मॅडमनी संगणकात पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. जादा पेपर बी.एस्सी.त धरलेले होते. निकालाआधी तसा ऑनलाइन अर्ज आला होता, तोही संयोगिताच्याच मोबाइलवरच्या ओटीपीनं. त्यानं टक्के वाढले होते, पण एम.एस्सी. आता पूर्ण दोन वर्षांचं होतं. मॅडमनी वरपर्यंत फोन लावले. निकाल लागल्यावर काही बदलत नव्हतं.

ओटीपी म्हटल्यावर तिला तो फोन आठवला. परीक्षा संपवून ती घरी होती तेव्हा आबांचा ई-सेवा केंद्रातून फोन आला होता. गॅसचा नंबर आलाय तुझ्या मोबाइलवर, वाच म्हणाले. तिनं भाकरी थापता थापता मेसेज न बघता नुसते आकडे वाचून दाखवले. कॉलेजचे तिचे सगळे अर्ज त्याच केंद्रात भरलेले. पासवर्ड केंद्रवाल्याकडं होताच.

परतीच्या एसटीत ती आबांचीच बाजू घेत राहिली. टक्के वाढावेत म्हणून केलं असेल. चौकात अभिनंदनाचा फ्लेक्स लावायची हौस असेल. बेण्याचं बोलणं विसरले असतील, वय झालं. कराड मागं पडलं तोवर तिनं त्यांना माफही करून टाकलं होतं.

आबा सोप्यात चहा पीत बसले होते. तिनं उभ्या उभ्याच विचारलं, "आबा, ते पेपर मोजले की माझं दोन वर्सांचं हुतंय, हे तुमाला म्हाईत हुतं का?"

"तूच तर सांगितलंतीस," आबा म्हणाले.

राग नाही, लाज नाही. बशी खाली ठेवून ते पुढं म्हणाले, "कोयनानगरची मान्सं थांबाय तयार न्हाईत. आन् मी शब्द कुठं मोडलाय? एक वर्स दिलंय, ते हाय की. कर एका वर्सात."

यांनी सरळ नाही म्हणून कानाखाली ओढली असती तरी चाललं असतं, असं तिला वाटलं. शब्द मोडणाऱ्या बापाशी भांडता येतं. शब्द पाळून गळा कापणाऱ्याशी कसं भांडायचं? आई दारात उभी होती, ती जमिनीकडं बघत राहिली. म्हणजे तिलाही ठाऊक होतं.

"आयतवारी पाव्हनं येत्यात," आबा म्हणाले. "कुठं जानार न्हाईस न्हवं? शब्द दे."

"दिला," ती म्हणाली.

आबा निवांत झाले. पोरगी आपल्याच वळणावर गेलीय, याची त्यांना खात्री होती.

रविवारी पाहुण्यांची गाडी उंब्रजला दारात लागली, तेव्हा संयोगिता सांगलीत चंदनबाला मॅडमच्या घरी बसली होती. दोन वर्षांच्या एम.एस्सी.ला नाव घालायचं तिनं नक्की केलं होतं. फोन वाजून वाजून थांबत होता. आयुष्यात पहिल्यांदाच तिनं दिलेला शब्द मोडला होता आणि तिला त्याचं काहीच वाटत नव्हतं. रडू येत होतं ते काहीच वाटत नाही याचंच.