चौथा ठोका

या मित्रांनो, काचेच्या आणखी जवळ या. तुमच्या बाई पुढच्या दालनात गेल्या आहेत, त्या परत येईपर्यंत आपल्याला थोडा वेळ आहे. तेवढ्यात मी तुम्हाला एक गोष्ट सांगते. ती या पाटीवर नाही आणि गाण्याच्या एकाही पुस्तकात नाही.

मी एक जुनी खंजिरी आहे. माझ्या खालची पाटी तुम्ही वाचलीच असेल. 'खंजिरी, मेम्फिस शहर, १९६६. वादक अज्ञात.' दर तासाला या दालनात एक गाणं लावतात. ते मधे क्षणभर थांबतं, माझे तीन ठोके पडतात आणि पुन्हा सुरू होतं. तिथे गाण्यातले जाणकार मान डोलावून म्हणतात, "बघा, इथे खंजिरी चुकली, चौथा ठोका पडलाच नाही." पोरं हसतात. गेली कित्येक वर्षं मी हे ऐकते आहे, आणि खरं सांगते, मला आता याचा वीट आला आहे. मी चुकले नव्हते, आणि मला वाजवणारी तर आयुष्यात कधीच चुकली नाही.

मला घडवलं लेगेट नावाच्या एका म्हाताऱ्याने. तो खुर्च्यांच्या कारखान्यात लाकूड वाफवून वाकवायचं काम करी. कारखान्यात उरलेली एक पट्टी त्याने वाफेवर धरली, गोल वळवली आणि टोकं जुळवून तिला खिळे मारले. काकवीच्या डब्यांची झाकणं कापून त्याने माझ्या झांजा केल्या आणि वर बकऱ्याचं कातडं ताणून बसवलं. मग मला चर्चमध्ये नेऊन त्याने बारा वर्षांच्या ओझेला पिटमनच्या हातात दिलं आणि म्हणाला, "पोरी, गळा तुला देवाने दिलाय. ही घे, हाताला काम."

ते चर्च म्हणजे पूर्वीचं धोब्याचं दुकान होतं. भिंतींना अजून साबणाचा वास येई. पण मित्रांनो, तिथल्या प्रवचनाचं मी काय वर्णन करू! पाद्रीबाबा आधी साधं बोलत. बोलता बोलता वाक्यांना लय येई, लयीला सूर लागे आणि कधी बोलणं संपून गाणं सुरू झालं हे कुणाला कळत नसे. त्यांचा श्वास पुरेनासा झाला की मागून ओझेला तीच ओळ उचलून धरी. मी तिच्या तळव्यावर नाचत असे. देव त्या वेळी दाराशी उभा राहून ऐकत असणार, याबद्दल मला कधीच शंका वाटली नाही.

तिथे सगळे एकमेकांना भाऊ-बहीण म्हणत. तिथली एक रीत होती. गाणारा उभा राहिला की बाकीच्यांनी त्याला नावाने हाक द्यायची. "गा, ओझेला बहिणी!" असं कुणीतरी म्हटल्याशिवाय गाण्याला जोर चढत नसे. ते कौतुक नव्हतं. बुडणाऱ्याला दोर टाकावा तशी ती हाक असे. तू एकटी नाहीस, आम्ही तुला ओळखतो, एवढाच तिचा अर्थ.

ओझेला मोठी झाली, शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला लागली. पस्तिशीला आली तेव्हा शहरात बर्फाच्या जुन्या कारखान्यात रेकॉर्डिंगचा स्टुडिओ निघाला. पुढे एक पुरुष गाणार आणि मागे तीन बायका झील धरणार, असा त्या वेळच्या गाण्यांचा थाट होता. स्टुडिओवाल्यांना अशा बायका हव्या होत्या. ओझेलाबरोबर चर्चमधल्या वर्डेल आणि इमोजिन गेल्या, आणि मीही गेले.

तिघींना मिळून एकच माइक होता. ज्याचा आवाज मोठा त्याने लांब उभं राहायचं, अशी तिथली पद्धत होती. वर्डेल दोन पावलांवर उभी राही, इमोजिन तीन. ओझेलाला मागे सरकवत सरकवत थेट दारापाशी नेलं. तिथे जमिनीवर चिकटपट्टीची फुली मारली. वर्डेल म्हणायची, "अजून जरा सूर लाव, म्हणजे तुला रस्त्यावरच उभी करतील." तिघी हसत. मला मात्र त्यात हसण्यासारखं काही दिसत नसे. सगळ्यांत मोठा आवाज सगळ्यांत मागे, हा कुठला न्याय?

स्टुडिओचे मालक ट्रेडवेलसाहेब. माणूस आरडाओरडा करणारा नव्हता. कॉफी देई, दार उघडून धरी. पण तिघींना हाक मारायची तर म्हणे, "चला पोरींनो." इमोजिनला नातू झाला होता, तरी ती पोरगीच. त्या शहरात गोऱ्या माणसाने काळ्या बाईला पोरगी म्हणणं म्हणजे काय, हे तिघींना माहीत होतं. त्या ओठ दाबून घेत आणि गात. रोजच्या कागदावर कोणी काय वाजवलं त्याची नोंद होई. गिटारवाल्याचं नाव, ढोलवाल्याचं नाव, आणि शेवटी लिहिलेलं असे, 'तीन पोरी, एक खंजिरी.' माझी, लाकडाच्या चकतीची नोंद होत होती, आणि मला धरणाऱ्या हाताची नाही.

तीन वर्षांत तिचा आवाज देशभर पोचला. रेकॉर्डच्या पाकिटावर तिचं नाव एकदाही आलं नाही.

तिच्या आईला, लूला पिटमनला, हे मुळीच पसंत नव्हतं. तिला सगळं चर्च आई पिटमन म्हणे. रविवारी पांढरी टोपी घालून ती पहिल्या बाकावर बसायची. आता पाय गेले होते, बिछान्याशेजारी रेडिओ तेवढा होता. एकदा लेकीचं गाणं लागलं तसा तिने आवाज कमी केला आणि विचारलं, "तिकडे तुला काय म्हणून हाक मारतात गं?"

ओझेला कपड्यांच्या घड्या घालत होती. तिने एक घडी मोडून पुन्हा घातली.

"देवाच्या घरात तुला नाव आहे. जिथे नाव घेत नाहीत तिथे तू गातेस तरी कशाला?"

"घेतील, आई. एका तरी रेकॉर्डवर तू माझं नाव ऐकशील. मग तर झालं?"

आई पिटमनने नुसतं "बघू" म्हटलं. पण डॉक्टर काय सांगून गेला आहे ते दोघींनाही ठाऊक होतं. वेळ फार नव्हता. ओझेलाने ट्रेडवेलसाहेबांना पाकिटावर नाव टाकायला सांगितलं. ते म्हणाले, पुढच्या वेळी नक्की. पुढच्या वेळी तेच म्हणाले. तिसऱ्या वेळी पाकिटं आधीच छापून आली होती.

मग ते गाणं आलं. गायक होता लेम्युएल गेन्स. पाद्र्याचा मुलगा, देखणा आणि जरा विसरभोळा. दुपार होती, आत इतकं उकडत होतं की माझं कातडं सैल पडलं होतं. गाण्यात मधे सगळी वाद्यं थांबायची, मी एकटीने चार ठोके द्यायचे, आणि मग लेम्युएलने शेवटची ओळ उचलायची, असं ठरलं होतं. त्या जागेच्या जरा आधी तो शब्द विसरला. तोंड उघडं, शब्द नाही.

आता दुसरं कुणी असतं तर थांबलं असतं. ओझेलाने चर्चमध्ये करायची तेच केलं. दाराजवळच्या फुलीवरून तिने ती ओळ गाऊन त्याच्याकडे फेकली. त्याने ती झेलली, आणि मित्रांनो, त्याच्या चेहऱ्यावर मी ते बघितलं. तो स्टुडिओत उरलाच नाही. बापाच्या चर्चमध्ये जाऊन पोचला. वाद्यं थांबली. माझा एक ठोका, दुसरा, तिसरा, आणि चौथ्यावर त्याने मान मागे टाकून हाक दिली, "गा, ओझेला बहिणी!"

आणि ती गायली. शेवटची ओळ तिने आणि त्याने मिळून गायली.

गाणं संपलं. ट्रेडवेलसाहेब बाहेर आले आणि म्हणाले, हेच ठेवायचं, पुन्हा घ्यायचं नाही. ओझेलाने घाम पुसला आणि विचारलं, "साहेब, त्यात माझं नाव आलंय. ते राहील ना?"

"राहील की. ते ऐकूनच तर काटा आला अंगावर."

ती इतक्या आनंदाने घरी पळाली की मला खिळ्यावर विसरून गेली. ती मला आयुष्यात विसरली ती एवढी एकदाच. म्हणूनच दुसऱ्या दिवशी काय झालं ते मला दिसलं.

साहेबांनी टेप पुन्हा पुन्हा ऐकली. मग यंत्रावरच्या माणसाला म्हणाले, "ते नाव काढ."

त्याने विचारलं, का?

"लोक विचारतील ही ओझेला कोण. पाकिटावर लेम्युएलचं नाव आहे. गाणं त्याचं आहे."

"साहेब, खंजिरीचा चौथा ठोका पण जाईल."

"खंजिरीकडे कोण लक्ष देतं?"

त्या माणसाने ब्लेड घेतलं. टेप तिरपी कापली, दोन टोकं चिकटवली. हातभर तुकडा खाली पडला आणि केराबरोबर गेला. माझा ठोका त्यात होता, तिचं नाव त्यात होतं. मी समोर टांगलेली होते. पण मला तोंड कुठे आहे? मला कुणी हाताने मारलं तरच मी बोलते, आणि तेव्हाही एकच शब्द. ती मला न्यायला आली, तिने मला उचललं, तेव्हा तिच्या हाताबरोबर मी सगळ्या झांजा जोरात हलवल्या. तिने हसून मला लेकरासारखं पोटाशी धरलं. तिला वाटलं, मी पण खूश आहे.

महिन्याभराने रविवारी दुपारी ते गाणं रेडिओवर लागणार होतं. आई पिटमनने पांढरी टोपी मागून घेतली आणि पलंगावर उशीला टेकून बसली. वर्डेल आणि इमोजिन केक घेऊन आल्या. ओझेला दाराशी उभी राहिली. इतकी वर्षं दाराशी उभं राहून तिला तीच जागा सवयीची झाली होती. मी तिच्या हातात होते, आणि मला तिथून नाहीसं व्हावंसं वाटत होतं.

गाणं सुरू झालं. आई पिटमन चादरीवर बोटांनी ताल धरत होती. वाद्यं थांबली. तिचं बोट पडलं, एक, दोन, तीन. चौथ्यासाठी वर उचललं, आणि तेवढ्यात गाणं पुढे गेलं. बोट तसंच हवेत राहिलं.

ओझेलाचा हात इतका थंड पडला की माझ्या लाकडाला तो कळला. गाणं संपलं, निवेदकाने लेम्युएल गेन्सचं नाव घेतलं.

"आई, त्याने घेतलं होतं गं," ओझेला म्हणाली. "मी खोटं नाही बोलले."

"मला माहीत आहे." म्हातारीने बोट खाली ठेवलं. "माझी लेक ठोका चुकत नाही. बारा वर्षांची असल्यापासून चुकली नाही. तिथून काहीतरी कापून नेलंय त्यांनी." मग तिने डोळे मिटून, पहिल्या बाकावरून देत असे तशी खणखणीत हाक दिली, "गा, ओझेला बहिणी!"

तुम्हाला वाटेल, झालं, सगळं गोड झालं. नाही झालं. ओझेला रडत म्हणाली, "तुला ऐकू आलं आई, जगाला नाही आलं." आणि ते खरंच होतं. ट्रेडवेलसाहेबांनी तिला सांगितलं, गाणं एवढं गाजतंय, तू खूश व्हायला हवंस. लेम्युएल म्हणाला, मी तर हाक मारली होती, आणखी काय करू? आई पिटमन त्याच हिवाळ्यात गेली. तोपर्यंत रेडिओवर गाणं लागलं की दर वेळी तिसऱ्या ठोक्यानंतर ती हाक देत राहिली, गाणं पुढे पळालं तरी. ओझेला पुन्हा स्टुडिओत गेली नाही. शाळेच्या स्वयंपाकघरात मक्याची पोळी भाजताना गायची, चर्चमध्ये गायची. ती गेल्यावर चर्चच्या सामानाच्या खोक्यातून मी इथे आले, 'ठोका चुकलेली खंजिरी' म्हणून.

माझ्या काचेवर धूळ बसू देत नाहीत इथे. रोज पुसतात. मऊ कापडावर ठेवलंय मला. मित्रांनो, एका वस्तूची इतकी काळजी घेता येते, तर माणसाच्या नावाची का नाही?

पाहा, तास झाला. आता ते गाणं लागेल. तुमच्या बाईही येतायत. माझं एवढं ऐका. वाद्यं थांबतील, माझे तीन ठोके पडतील. तिथे हसू नका. चौथा ठोका तुम्ही मनात धरा, आणि तो धरला की हळूच तिचं नाव घ्या. ओझेला पिटमन. गाणं थांबणार नाही, पुढे पळेल. तरीही घ्या.