पाठ आहे, सर

“कळलं ना?” शेवटची ओळ लिहून सरांनी हातावरची खडूची भुकटी झटकली. नेहमीप्रमाणे माना डोलल्या. गणिताच्या या सरांना मुलं पाठीमागे ‘कळलंनासर’ म्हणत. सरांना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

“मला नाही कळलं.”

आवाज शेवटच्या बाकावरून आला. तिथे भाषेच्या बाई बसल्या होत्या. शिक्षकांनी एकमेकांच्या तासाला बसावं, ही मुख्याध्यापिकांची नवी टूम. नव्याचे नऊ दिवस, म्हणून सरांनी ती हसण्यावारी नेली होती. आता मात्र बाईंचा हात चक्क वर होता.

“वजा गुणिले वजा अधिक कसं होतं, सर? माझं शाळेपासून अडलंय.”

सर हसणार, तोच खिडकीजवळच्या मुलाने हात वर केला. मग त्याच्या शेजाऱ्याने. मग पुढची अख्खी रांग. शेवटी, कायम पैकीच्या पैकी गुण मिळवणाऱ्या मुलीचाही हात भीत भीत वर आला.

सर त्या मुलीकडे वळले.

“अगं, तुझं तर कधी चुकत नाही!”

“पाठ आहे, सर. कळलेलं नाही.”

“मग आजवर बोलला का नाहीत कुणी?”

“तुम्ही ‘कळलं ना’ विचारता,” खिडकीजवळचा मुलगा पुटपुटला. “त्याला ‘हो’च म्हणायचं असतं.”

फळ्यावर उजेड चमकत असेल, अक्षर बारीक दिसत असेल, काहीतरी असणारच. सर तडक शेवटच्या बाकापाशी गेले. बाईंनी सरकून जागा दिली. तिथून फळा लख्ख दिसत होता. अक्षर न् अक्षर.

“नियम आहे तो,” ते बसत म्हणाले. त्यांच्या मास्तरांनीही एवढंच सांगितलं होतं. त्यापुढे आपणही कधी गेलो नाही, हे ध्यानात आलं आणि त्यांची कानशिलं तापली.

“कुणी सांगून बघेल?” बाईंनी विचारलं.

एक मुलगी चाचरत फळ्यापाशी गेली.

“खेळात एका चुकीला तीन गुण कापतात, म्हणजे वजा तीन. दोन चुका, सहा गेले. पण पंचांनी त्या दोन्ही चुका काढून टाकल्या, तर…”

“सहा वाढले!”

“वाढले कुठे? होते तेच परत आले की!”

“अरे, पण आत्ता आहेत त्यात वाढलेच ना?”

वर्गात एकच गलका उडाला. घंटा झालेली कुणाला कळलीही नाही. पुढच्या तासाचे शिक्षक दारात येऊन खोळंबले.

“सर, माझा तास आहे…”

सरांनी मान वळवली नाही. नुसता हात हलवला.

“श्श. बसा कुठेतरी. ती सांगतेय.”